पेठेतल्या बोळापासून ताम्हिणी आणि इंदापूरपर्यंत: एप्रिलमधले पाच दिवस आणि आगीचे नियम

आमच्या कामात वर्षाचे दोन महिने ठरलेले, जानेवारी आणि जुलै. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू आहे असा बी फॉर्म या दोन महिन्यांत द्यायचा असतो, त्यामुळे तेव्हा आम्ही रात्री नऊ-नऊपर्यंत पंप चालवून बघत असतो. मी या लाइनमध्ये अकरा वर्षं आहे, परवानाधारक एजन्सीत, आणि गेली दोन-तीन वर्षं एकच गोष्ट डोक्यात घोळतेय की जानेवारीत गवत अजून पुरतं वाळलेलं नसतं, जुलैत तर सगळं चिंब, मग मार्च ते मे हे जे खरे वाईट महिने तेव्हा ही सगळी यंत्रणा कशी असते ते कोण बघतं?

म्हणून यंदा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाच दिवस काढले. जागा सगळ्या आमच्याच जुन्या कामाच्या, त्यामुळे कुणाला फी वगैरे मागायचा प्रश्न नव्हता, फक्त बघायला येतो म्हटलं. सोबत काका, म्हणजे बाबांचे मित्र, अग्निशमन दलातून तांडेल म्हणून रिटायर झालेले, आणि गाडीवर आमचा नेहमीचा दादा. डिकीत प्रेशर गेज, अर्थिंग टेस्टर, दोन थर्मामीटर, मोजपट्टी, एक छोटा पोर्टेबल पंप, आणि काकूंनी दिलेला भाकरी-ठेच्याचा डबा.

दिवस पहिला, गुरुवार, पुणे

सकाळी सात वाजताच सदाशिव पेठेत पोचलो कारण नऊनंतर तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. एका वाड्याचं काम गेल्या वर्षी केलेलं. बोळाच्या तोंडाशी मोजपट्टी लावली, दोन मीटर चाळीस. मोठा बंब साधारण अडीच मीटर रुंद, म्हणजे तो आत जाणारच नाही, आणि नियमात सहा मीटरची वाट लिहिलेली आहे. ती इथे कुठून आणणार? वाडे पाडले तरच. काका म्हणाले, "वर्दी आली की आम्ही गाडी रस्त्यावरच ठेवायचो आणि होज खांद्यावर घेऊन पळायचो, एक होज पंधरा मीटरचा, आठ जोडले की वाड्याच्या चौकात." मग इथला नियम खरं तर होजच्या लांबीचा पाहिजे, की बोळाच्या तोंडापासून शेवटच्या माडीपर्यंत किती मीटर, मध्ये वळणं किती आणि कोपऱ्यावर पाणी कुठून मिळणार. या गावात पाण्याची अक्कल जुनी आहे हो, पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नुसत्या उतारावर पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं आणि वाटेत पेठांमध्ये हौद केले, काळा हौद, बदामी हौद ही नावं अजून आहेत. तसा एकेक हौद दर दोन बोळांमागे आगीसाठी राखून ठेवला तर सहा मीटरच्या रस्त्याची कमी बरीच भरून निघेल असं मला मनापासून वाटतं. त्या वाड्याच्या मालकीणबाईंना तेच सांगितलं, चौकातला हौद बुजवून पार्किंग करू नका म्हणून. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या विचार करते.

तिथून बावधनच्या बाजूला टेकडीवरची एक सोसायटी. पुण्यात टेकडीवरचं काम म्हणजे खाली सगळा काळा कातळ, आणि इमारत उतारावर बसवलेली, पुढच्या गेटमधून बघितलं तर बारा मजले, मागच्या रस्त्यावरून नऊ. उंची मोजायची कुठून? राष्ट्रीय इमारत संहितेत १५ मीटरच्या वर गेली की हायराइज, सपाट जागेवर यात काही वादच नाही, पण उतारावर खालच्या बाजूच्या चौथ्या मजल्यावरचा माणूस सुद्धा शिडीच्या गाडीसाठी बराच उंच असतो कारण गाडी त्या बाजूला उभीच राहू शकत नाही. काका रँपवर उभे राहून पायाने उतार चाचपत होते. "उंच शिडीची गाडी आली तर चारी पाय टेकायला सपाट जागा लागते, ती इथे कुठंय ते दाखव." मी पोडियम दाखवला, म्हणजे इमारतीभोवतीचा उंचावरचा सपाट स्लॅब. संहिता म्हणते ४५ टनांची गाडी पेलेल इतकी जागा हवी, पोडियमचा स्लॅब तेवढा आहे का ते सेक्रेटरींना माहीत नव्हतं, आणि नकाशात शोधलं तर कुठेच लिहिलेलं नाही.

शिवाय प्रेशर. पाणी दहा मीटर वर चढलं की एक किलो प्रेशर कमी होतं हे गणित सगळ्यांना पाठ असतं. इथे वरची विंग आणि खालची विंग यांच्या जोत्यातच अठरा मीटरचा फरक आहे, पंपरूम मात्र एकच. वरच्या विंगच्या शेवटच्या मजल्यावर साडेतीन किलो मिळावं म्हणून पंप लावला की खालच्या विंगच्या तळमजल्यावर गेज नऊच्या वर जातो. एवढ्या प्रेशरला लँडिंग व्हॉल्व, म्हणजे मजल्यावरचा होज जोडायचा नळ, उघडला तर ब्रँच (होजचं तोंड) धरणारा वॉचमन भिंतीवर आपटेल, आणि आग लागल्यावर पहिल्या पाच मिनिटांत होज धरणारा तोच असतो. प्रेशर कमी करणारे व्हॉल्व खालच्या विंगला लावायचे, ते मी दोन वर्षांपूर्वी लिहून दिलं होतं. लावलेले नव्हते. परत लिहून दिलं, यावेळी सही घेऊन.

दिवस दुसरा, शुक्रवार, पानशेत

सिंहगड रोडच्या ट्रॅफिकबद्दल काही लिहीत नाही. खडकवासला ओलांडल्यावर डोंगर दिसायला लागले आणि सगळे पिवळे, काही ठिकाणी काळे पट्टे, म्हणजे वणवा येऊन गेलेला. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस, त्यामुळे गवत छातीएवढं वाढतं, आणि ऑक्टोबरनंतर थेंब नाही, म्हणून तेच गवत मार्चपर्यंत काडेपेटीसारखं होतं. जितका पाऊस चांगला तितका पुढचा उन्हाळा जळायला तयार, हे शहरात राहणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

पानशेतच्या बॅकवॉटरवर एका सोंडेवर बांधलेलं फार्मस्टे, सहा खोल्या, पुढे लाकडी डेक, दोन खोल्यांना गवताचं छप्पर. जागा सुंदर आहे, तीन बाजूंनी उतार आणि खाली पाणी, आणि आगीच्या दृष्टीने अगदी हीच सगळ्यात वाईट जागा. वणवा चढावर पळतो. दर दहा अंश उताराला त्याचा वेग साधारण दुप्पट होतो असं धरतात, कारण ज्वाळा वरच्या गवताला टेकलेल्याच असतात, आणि दिवसा वारा पण दरीतून वरच्या बाजूला वाहतो. सोंडेवर घर म्हणजे तीन बाजूंनी वर येणाऱ्या आगीच्या टोकाला घर. सपाट जमिनीवर दहा मीटर मोकळी जागा पुरेल तिथे इथे खालच्या बाजूला तीस मीटर सोडा असं मी सांगितलं, वरच्या बाजूला दहा चालेल. हा फरक छापील तक्त्यात नसतो, जागेवर जाऊन उतार मोजला तरच कळतो.

आणि इथेच एक गोष्ट बघून मी हादरले. मालकांनी कुठल्यातरी परदेशी व्हिडिओत बघून जेसीबी लावला होता आणि घराच्या खालचा सगळा उतार खरवडून लाल-पिवळा मुरूम उघडा केलेला, गवताचं एक मूळ ठेवलं नव्हतं. आगीसाठी बघितलं तर एकदम चोख काम, आग त्या पट्ट्यावर येऊच शकत नाही. पण दोन महिन्यांत पाऊस येणार, आणि या भागातला पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको. ३० जुलै २०१४ ला आपल्याच जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली, ते ज्यांनी टीव्हीवर नुसतं बघितलं त्यांना पण विसरता येत नाही. कातळावर चार-सहा फूट माती आणि मुरूम असतो, त्याला धरून ठेवतात ती मुळंच. ती काढली की तुम्ही उन्हाळ्यातला धोका घालवून पावसाळ्यातला घरात घेतला. कोरड्या देशातले नियम झाडोरा साफ करा म्हणतात, तिथे ते बरोबर असेल, आपल्या घाटात तेच वाक्य "गवत वीतभर ठेवून कापा, मुळाला हात लावू नका" असं लिहायला पाहिजे. कापलेलं गवत तिथेच टाकायचं नाही, गुरांना द्यायचं. मालक ऐकून गप्प झाले, मग म्हणाले आता काय करू. काकांनी सांगितलं की पहिल्या सरीला वाळा लावा आडव्या ओळींनी, त्याची मुळं खोल जातात, आणि तोपर्यंत वरून येणारं पाणी चर काढून बाजूला काढा.

दुपारी शेजारच्या वाडीवर गेलो. तिथे राब भाजायचं काम चाललेलं, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जागा तयार करायला शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून वर माती टाकून जाळतात. पिढ्यान्पिढ्याची पद्धत आहे आणि वणवे लागायचं हेही एक कारण आहे. पण तिथल्या आजी जे म्हणाल्या ते मी वहीत लिहून घेतलं. राब नेहमी पहाटे नाहीतर वारा पडल्यावर भाजायचा, आधी बांधाच्या कडेचं गवत ओल्या फांदीने झोडपून-जाळून घ्यायचं, आणि खालून नाही तर वरून पेटवायचा म्हणजे आग हळूहळू खाली उतरते. वनखात्याची माणसं जाळरेषा काढतात, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून आधीच एक पट्टा जाळून ठेवतात, त्याचंच हे छोटं रूप. अशी माणसं आसपास असताना फार्मस्टेवाल्यांनी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी पाण्यावर पंप नेला. फार्मस्टेच्या फायर प्लॅनमध्ये लिहिलेलं आहे, "पाण्याचा स्रोत: धरण, अमर्याद". जुलैत मी स्वतः बघितलेलं की पाणी पंपाच्या ओट्यापासून हाताच्या अंतरावर होतं. आता ओट्यावरून खाली बघितलं तर आधी गाळाचा पट्टा, मग भेगा पडलेला चिखल, आणि पाणी कुठंतरी खाली चमकत होतं. पट्टीने आणि पाण्याच्या नळीने उंची मोजली, आठ मीटर वीस. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो पण खरं तर बाहेरची हवा ते वर ढकलते, आणि समुद्रसपाटीला ती जास्तीत जास्त १०.३ मीटर ढकलू शकते. पानशेत सहाशे मीटरच्या वर, तिथेच पाऊण मीटर गेलं, मग पाइपचं घर्षण, गाळणी, सांध्यांतून शिरणारी थोडी हवा. कागदावर सात म्हणतात, काका सहाच धरतात. सक्शनचा पाइप पाण्यात टाकला, प्रायमिंग केलं म्हणजे त्यातली हवा काढली, व्हॅक्यूमचा काटा चढला आणि थरथरत तिथेच राहिला, पंपाचा आवाज कोरडा, काका कान लावून बसलेले. तीन वेळा केलं. एक थेंब आला नाही. डोळ्यांसमोर अख्खं धरण आणि होज रिकामा. मग तोच पंप दोघांनी उचलून चिखलातून खाली पाण्यापाशी नेला आणि अर्ध्या मिनिटात पाणी लागलं. म्हणून नवीन प्लॅनमध्ये आता असं लिहिलंय की पंप चाकावरचा हवा, डिलिव्हरी होज वाढवून ठेवायचे, आणि २० हजार लिटरची टाकी फेब्रुवारीतच भरून कुलूप लावून ठेवायची, कारण मे मध्ये ती पाहुण्यांच्या अंघोळीला वापरली जाते.

दिवस तिसरा, शनिवार, मुळशी-ताम्हिणी

परत खाली येऊन चांदणी चौकातून पौड रोड धरला. पिरंगुटच्या पुढे उरवड्याचा फाटा आला तेव्हा काका बोलायचे थांबले. ७ जून २०२१ ला तिथल्या एका कंपनीतल्या आगीत कितीतरी कामगार गेले, बहुतेक बायका. दादाने गाणी बंद केली.

ताम्हिणीच्या अलीकडे एक रिसॉर्ट, पाऊस इथे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर. पुणे शहरात सातशे-साडेसातशे, अंतर दोन तासांचं. तरी सामान तेच बसवलेलं जे हिंजवडीच्या ऑफिसात बसवतात. खोल्यांमधले स्मोक डिटेक्टर पावसाळ्यात धुकं आणि किडे शिरून रात्री-बेरात्री वाजतात, म्हणून मॅनेजरने जूनमध्ये पॅनल बंद केला होता, आणि एप्रिलपर्यंत कुणी चालू केलेला नव्हता. मला त्या माणसाचा राग नाही आला, पाहुणे रोज रात्री तीनला बाहेर पळतील तर तो काय करणार. पण झोपायच्या खोलीत धूर कळलाच पाहिजे, म्हणून तिथे स्मोक डिटेक्टरच ठेवून जाळी आणि दर महिन्याची सफाई, आणि किचन, लाँड्री, उघडे व्हरांडे इथे उष्णतेवर चालणारे, असं वाटून दिलं. पावडरचे एक्स्टिंग्विशर हातात घेऊन उलटे केले. चांगल्या बाटलीत पावडर सरकलेली हाताला कळते, वाळूसारखी. सातपैकी तीन बाटल्यांत काहीच हललं नाही, दमटपणाने आतली पावडर वीट झालेली. गेजचा काटा तिन्हींचा हिरव्यात!

अर्थिंगचं मात्र मी कुणाकडूनच नीट ऐकलेलं नव्हतं. गेल्या जुलैत इथे रीडिंग ३ ओहम आलेलं, आज १९, आणि हा आकडा जितका कमी तितका चांगला. खाली फुटाभरावर कातळ, तो विजेला जमिनीत जाऊ देत नाही, पावसात वरची माती ओली असते म्हणून आकडा सुंदर येतो. आणि वळवाच्या विजा कधी पडतात? एप्रिल-मे मध्येच, जेव्हा ती माती सगळ्यात कोरडी असते. खड्डा खोल करून उपयोग नाही कारण कातळच आहे, त्यापेक्षा मातीचे जिथे जिथे कप्पे आहेत तिथून लांब आडवी पट्टी फिरवायची आणि भोवती बेंटोनाइट भरायचं, ती चिकणमाती ओल धरून ठेवते.

जेवायला पिठलं-भाकरी. संध्याकाळी मुळशीच्या पाण्याच्या कडेने येताना काकांनी मुळशी सत्याग्रहाची गोष्ट सांगितली, १९२१ चा, सेनापती बापटांचा, त्यांची आजी त्या खोऱ्यातलीच.

दिवस चौथा, रविवार, दौंड-इंदापूर

सोलापूर रोड. यवतच्या पुढे हवाच बदलते, कोरडी आणि भाजणारी, पाऊस इथे पाचशेच्या आसपास. भिगवणला चिलापी खाल्ली आणि एक वाजता इंदापूरच्या अलीकडच्या एका गोदामावर पोचलो, पत्र्याचं छप्पर, आत खोक्यांच्या चळती. बाहेर ४१ अंश. मी शिडी लावून वर गेले आणि स्प्रिंकलरच्या शेजारी थर्मामीटर धरला. पत्र्याजवळ हवा इतकी तापलेली की श्वास घेताना नाक भाजत होतं, पाच मिनिटांनी आकडा ५८ वर थांबला. स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची छोटीशी नळी असते, करंगळीच्या नखापेक्षा थोडी लांब, आत रंगीत द्रव, तो तापून फुगला की काच फुटते आणि पाणी सुटतं. लाल म्हणजे ६८ अंश, पिवळा ७९, हिरवा ९३. इथे सगळे लाल. जागेवरच्या जास्तीत जास्त तापमानाच्या तीस अंश वरचा बल्ब घ्यायचा असा नियम आहे, म्हणजे लाल बल्ब ३८ अंशांपर्यंतच. आपल्याकडे एप्रिलमध्ये साध्या सावलीत ३८ होतात! गेल्या मे मध्ये या गोदामात दोन बल्ब आपोआप फुटून माल भिजला होता, आणि नंतर वैतागून कुणीतरी मेन व्हॉल्वच बंद करून ठेवलेला आम्हाला सापडला. एवढी मोठी यंत्रणा, फक्त रंग चुकला म्हणून मेलेली. हिरवे लिहून दिले, छताला आतून इन्सुलेशन सुचवलं, व्हॉल्व उघडून त्याला साखळी लावली.

बाहेर जमीन काळी, आणि भेगा अशा की माझा हात मनगटापर्यंत आत गेला. पावसात ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि त्यात पुरलेला हायड्रंटचा, म्हणजे आगीसाठीच्या पाण्याचा पाइप दरवर्षी थोडा वर, थोडा खाली. मागच्या बाजूचा सांधा तुटलेला, त्यामुळे पाइपातलं प्रेशर टिकवणारा छोटा जॉकी पंप दर चार मिनिटांनी चालू होत होता. काल ताम्हिणीत ज्या बेंटोनाइटचं कौतुक करून आले त्यातली आणि या मातीतली फुगणारी चिकणमाती एकाच जातीची, तिकडे ती हवी आणि इकडे तिनेच पाइप तोडला. इथे उपाय म्हणजे पाइप जमिनीवर काँक्रीटच्या ठोकळ्यांवरून न्यायचा, जिथे पुरावाच लागेल तिथे काळी माती काढून मुरूम भरायचा आणि सांधे लवचिक घ्यायचे.

येताना एका उसाच्या फडात पाचट पेटलेलं दिसलं, वाऱ्याने धूर रस्त्यावर आडवा. आम्ही थांबलो, माणसं होती, आटोक्यात होतं. उन्हाने तारा सैल पडतात आणि वाऱ्यात एकमेकींना घासल्या की ठिणगी खाली फडात, असं तिथला शेतकरी सांगत होता.

दिवस पाचवा, सोमवार, परत पुण्यात

दिवसभर ऑफिसात बसून रिपोर्ट लिहिले. राष्ट्रीय इमारत संहिता पहिली १९७० ची, आत्ताची २०१६ ची, आणि ती मुळात शिफारस आहे, राज्यं आणि महापालिका ती आपापल्या नियमांत उतरवतात. म्हणजे आपल्या कातळाप्रमाणे आणि पावसाप्रमाणे बदल करायला जागा आहे, कुणी अडवलेलं नाही. मी माझ्यापुरतं एवढंच केलंय की आमच्या तपासणीच्या फॉर्मला एक जादा पान जोडलंय, उतार किती अंश, मातीखाली कातळ किती फुटांवर, एप्रिलमधली पाण्याची पातळी, दुपारी दोन वाजता छताखालचं तापमान, एप्रिलमधलं अर्थिंग. एजन्सीतल्या सरांनी वाचलं आणि म्हणाले गिऱ्हाईक याचे पैसे देणार नाही. मी म्हटलं पहिल्या वर्षी नका घेऊ.

पुढच्या वर्षीसाठी मार्चचा शेवटचा आठवडा धरलाय, भोर आणि जुन्नर राहिलंय. काका येतो म्हणालेत. रात्री पानशेतच्या मालकांचा फोटो आला, घराच्या वरच्या बाजूचं गवत वीतभर ठेवून कापलेलं, आणि खालच्या उघड्या उतारावर वाडीतल्या आजी उभ्या, चर कुठून काढायचा ते हात करून दाखवताहेत.